नाटकी मैल

भगवान, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून काल मी बोललोच नाही. तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. वंदना झाली, पंचशील झालं, मग एकेक जण उठून तुझं गुणगान करायला लागला. चेअरमनसाहेब म्हणाले, सार्जंट म्हणजे आमच्या संस्थेचे डोळे. हेडमास्तर म्हणाले, आभाळाचा माणूस आभाळात गेला. मग माझं नाव पुकारलं, बालमित्र म्हणून. मी माइकपाशी गेलो आणि तुझ्या फोटोकडं बघितलं. एअरफोर्सची टोपी घालून, मान जरा वर करून बसलायस. मी जयभीम म्हणालो आणि खाली येऊन बसलो. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं. शेजारच्यानं पाठीवर हात ठेवला. गहिवर-बिहिवर काही नव्हता. मला राग आला होता, आणि तो नऊ वर्षांचा होता.

बरडवाडीत मला नऊ वर्षं ‘जावईपाऊस’ म्हणतात. ते नाव पुसणारं सबंध गावात एकच तोंड होतं, तुझं. आता मी खरं सांगायला गेलो तर लोक म्हणतील, बघा, मेलेल्यावर ढकलतोय. जिता होतास तोवर गप्प राहून छळलंस, आणि जाताना माझा साक्षीदार घेऊन गेलास. मला वाईट याचंच वाटतं. तुझ्या जाण्याचं वाटतं की नाही, ते अजून नीट कळलेलं नाही.

आपण एका वस्तीतले, एका बाकावरचे. सातवीनंतर मी सडकेवर मैलकुली म्हणून लागलो, तू आणखी चार बुकं शिकून भरतीला गेलास. पुढं सरकारनं किलोमीटर आणले, पण आमच्या कामाचं नाव मैलावरूनच राहिलं. सोलापूर-हैदराबाद सडकेचा पाच मैलांचा तुकडा माझ्याकडं. खड्डे बुजवायचे, कडेच्या लिंबांना पाणी घालायचं, मैलाच्या दगडांना वर्षातून एकदा रंग द्यायचा. मुकादम झालो तेव्हा पाचाचे पंचवीस मैल झाले. सडकेचा दगड न् दगड मी पायानं मोजलेला. डोळे बांधून सोडलं असतं तरी सांगितलं असतं, इथून नळदुर्ग किती आणि अणदूर किती. तू पत्रात लिहायचास, ‘लिंबा, अजून मैलच मोजतोस का?’ त्याचा मला कधी राग आला नाही. उलट मी तुझी पत्रं गँगला वाचून दाखवायचो.

पंधरा वर्षांनी तू परत आलास, मिशी ठेवून. गावानं तुला परस्पर विमानाचा वाटाड्या करून टाकलं. कुणी म्हणायचं, सार्जंट नकाशा बघून विमानाला रस्ता दाखवायचा. कुणी म्हणायचं, लढाईत त्यानंच दाखवला. तू कधी हो म्हणाला नाहीस आणि नाहीही म्हणाला नाहीस. मिशीवरून हात फिरवून नुसता हसायचास. सडकेवरच्या हाटेलात तुला खुर्ची मिळायची. आपल्यातल्या माणसाला त्या हाटेलात खुर्ची मिळालेली मी पहिल्यांदा बघितली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझीच छाती फुगली होती. घरी जाऊन शेवंताला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘तुमाला मिळाली का?’ बायको माझी पहिल्यापासून तिखट.

मोठ्या दुष्काळानंतर पाच-सहा वर्षांनी पाऊस पुन्हा रुसला. दुष्काळी कामावर खडी फोडून आणि माती वाहून आपणच बांधलेला पाझर तलाव, त्यात गुरं चरत होती. आपल्या सहकारी संस्थेनं त्याच तलावावर उपसा योजना केलेली. पाइप पुरलेले, मोटर बसवलेली, अन् पाण्याचा पत्ता नाही. तेव्हा चेअरमनसाहेबांनी कुठनंतरी खबर आणली की ढगात मीठ फवारून पाऊस पाडणारं विमान मिळतं. आणखी दोन संस्था मिळाल्या, आणि आठ दिवसांसाठी विमान ठरलं. सडकेच्या कडेच्या माळावर पट्टी करायची होती. मुरूम मी टाकला, रोलर मी फिरवला, दोन्ही कडंनी चुना मी मारला. विमानाचं बघायला अर्थात तू. चेअरमनसाहेब म्हणाले, ‘सार्जंट, ते तुमच्या खात्यातलं काम.’ तू टाचा जुळवल्यास.

कॅप्टन म्हणून आलेला माणूस टकला, शांत, हिंदी बोलणारा. त्याच्या नकाशात आपला तलाव नव्हता, कारण तलाव नवा आणि नकाशा जुना. त्यानं सांगितलं, दिशा मी बघतो, तुम्ही अंतर सांगा. ढगात शिरल्यावर खाली जमीन दिसत नाही, घड्याळ लावून जावं लागतं. पट्टीवर पन्नास माणसं जमली होती. तू माझ्याकडं वळलास.

‘लिंबा, इथनं आपला तलाव किती?’

‘वीस मैल.’

‘नक्की?’

‘दगड मोजून वीस. पट्टीपाशी एक दगड हाय, तलावापाशी एक. मधी सडक दोरी लावल्यागत सरळ हाय. एक फर्लांगबी इकडंतिकडं व्हायचं न्हाय.’

तू चिठ्ठीवर वीस लिहिलंस. कॅप्टननं चिठ्ठी बघितली, मग तुझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘ट्वेंटी. नॉटिकल?’

‘यस सर,’ तू म्हणालास.

मी तुझ्या कानाला लागलो. ‘नाटकी म्हणजे काय रे?’

‘हवेतला शब्द हाय. तुला न्हाय कळायचा.’

तुला कळला असेल असंच मी धरून चाललो. पन्नास माणसांनीही तेच धरलं. त्या पन्नास माणसांत तो शब्द कळणारा एकटा कॅप्टन होता, आणि त्या बिचाऱ्यानं तुझ्या टोपीवर भरवसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग आले. सगळं गाव तलावाच्या बांधावर उभं होतं. बायका घागरी घेऊन आल्या होत्या. घागरींचं तिथं काय काम, पण आल्या होत्या. ढगातून विमानाचा आवाज आला. डोक्यावर आला. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या, आणि आवाज थांबलाच नाही, तसाच पुढं गेला, बरडाच्या पलीकडं. तुला सांगायला नको की आपल्या गावापुढं दोन मैलांवर तो दगडाळ बरड आडवा पडलाय. अलीकडं पडलेलं पाणी आपल्या तलावाला येतं, पलीकडं पडलेलं हिप्परवाडीच्या. अर्ध्या तासानं बरडाच्या मागं आभाळ काळं झालं आणि तिकडं असा पाऊस पडला की इथं उभं राहून तो ऐकू आला. आपल्याकडं वारं तेवढं गार सुटलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन परत निघाल्या, आणि त्यात कुणीतरी म्हणालं, ‘हिप्परवाडी तर लिंबाची सासुरवाडी.’

बस, एवढंच. एवढ्यावर माझी नऊ वर्षं गेली. पुढचे दिवस ढगच आले नाहीत आणि विमान निघून गेलं.

हिप्परवाडीवाल्यांनी तर उपकार करून मला पुरता बुडवला. त्यांना वाटलं, जावयानं आपलं गाव लक्षात ठेवलं. पंधराव्या दिवशी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आली, आहेर घेऊन. मला धोतर आणि फेटा, शेवंताला लुगडं. फेटा त्यांच्या पाटलानं स्वतःच्या हातानं बांधला. त्याच पाटलानं माझ्या लग्नाच्या वरातीला वेशीतून येऊ दिलं नव्हतं, मागून आणवली होती. तो आता माझ्या डोक्याला हात लावून म्हणत होता, ‘आमचा जावई लई गुणाचा.’ मी नको नको म्हणत होतो. ‘पाटील, म्या काय न्हाय केलं,’ म्हणालो, तर म्हणाला, ‘बघा, वरून मोठेपणाबी घेत न्हाय.’ आपलं सगळं गाव आपापल्या दारात उभं राहून बघत होतं. तूही होतास, तुझ्या दारात. तू हसत होतास, भगवान. तेव्हा मला वाटलं, मित्राची फजिती बघून हसतोय.

मग सर्वसाधारण सभा आली. तिथं एकजण उठून म्हणाला, बायकोच्या माहेराला पाऊस दिला, याची चौकशी झाली पाहिजे. लोक हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. चेअरमनसाहेब तुझ्याकडं वळले. तू त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर.

‘सार्जंट, विमानाला अंतर कुणी सांगितलं?’

‘अंतर लिंबाजींनी सांगितलं,’ तू म्हणालास.

यातला एक शब्द खोटा काढून दाखव म्हटलं तर दाखवता यायचा नाही. सेक्रेटरीनं ते इतिवृत्तात लिहिलं: अंतर लिंबाजी यांनी सांगितले, ते चुकीचे निघाले. पुढच्या वर्षी ते इतिवृत्त सभेपुढं वाचलं आणि हात वर करून कायम केलं. तू हात वर केलास. मीही केला. त्या वेळी मला वाटत होतं, खरंच माझंच मोजायचं चुकलं असेल. आयुष्यभर ज्या दगडांना रंग दिला त्यांच्यावरचा माझा विश्वास उडाला होता. एका रविवारी मी ते वीस मैल पुन्हा चालून आलो. वीसच भरले.

माझं एक सोड. सडकेवरचा माणूस, ऊन खातो तशी बोलणी पण खातो. शेवंताचं काय? हापशावर उभी राहिली की बायका म्हणायच्या, ‘काय गं, ह्या साली कुणाकडं पाडणार?’ पिशवी घेऊन माहेराला निघाली की म्हणायच्या, ‘निघाली आभाळ घेऊन.’ तिनं जाणं जवळजवळ सोडलंच. आईचे डोळे गेले, आई भिंत धरून चालायला लागली, आणि ही वर्षातून एकदा जायची, तीही सडकेनं नाही, बरडावरून, काट्याकुट्यातून, कुणाला दिसू नये म्हणून. स्वतःच्या आईकडं चोरासारखी. एकदा ती पायात बाभळीचा काटा मोडून आली. मी काटा काढत होतो आणि ती म्हणाली, ‘तुमी खरंच केलंत का वो तसं? केलं असलं तर सांगा, मी रागवायची न्हाय.’ माझ्या बायकोला माझा संशय आला, भगवान. तिथवर गेलं होतं ते.

तीन वर्षांनी सडकेवर नवे किलोमीटरचे दगड बसवायचं काम निघालं. ओव्हरसियर म्हणून एक तरणा साहेब आला होता, बोलका. जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं, ‘साहेब, नाटकी मैल काय असतो?’ त्याला आधी कळेना. मी सांगितलं, विमानवाले बोलतात. मग तो असा हसला की डब्यातली भाकर खाली पडली. ‘मुकादम, नाटकी न्हाय हो, नॉटिकल. सागरी मैल. दर्यातल्या जहाजांचा.’ त्यानं मातीत काटकीनं गोल काढला. पृथ्वीच्या गोलावर उभ्या रेघेचे अंश असतात, एका अंशाचे साठ भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे तो मैल. जहाजांनी तो धरला आणि विमानांनी जहाजांचा उचलला. तो आपल्या सडकेच्या मैलापेक्षा मोठा. ‘त्यांचे वीस म्हणजे तुमचे तेवीस,’ साहेब म्हणाला, आणि भाकर झटकून खायला लागला.

मी उठून चालायला लागलो. साहेबानं हाक मारली, मी थांबलो नाही. बरड ओलांडला आणि तेविसाव्या मैलापाशी जाऊन उभा राहिलो. डाव्या हाताला हिप्परवाडीचा तलाव भरलेला, त्यात म्हशी बसलेल्या. मोजणी माझी बरोबर होती. कॅप्टनचं घड्याळही बरोबर होतं. ताशी शंभर नाटकी मैलांच्या चालीनं त्याला साडेदहा मिनिटं जायचं होतं, तो बारा मिनिटं गेला. ज्या मुलखात प्यायला घोटभर पाणी नाही तिथं समुद्राच्या मैलानं घात केला, याचं मला तिथं उभं राहून हसूच आलं. मग रडू आलं. मग तुझ्या दाराशी आलो.

तू अंगणात रेडिओ उघडून बसला होतास. ऊन उतरायला लागलं होतं.

‘नॉटिकल म्हणजे काय, भगवान?’

तू पेचकस खाली ठेवलास. ‘कुणी सांगितलं?’

‘म्हणजे तुला ठाऊक हाय.’

‘आता हाय. त्या दिवशी नव्हतं.’ तू रेडिओची सुटलेली तार बोटानं सरळ केलीस. ‘कॅप्टन जाताना बोलला. म्हणाला, सार्जंट, तुमचे मैल सडकेचे होते का? मी म्हटलं, व्हय. त्यानं नुसती मान हलवली. लिंबा, मी स्टोरमध्ये होतो. पंधरा वर्षं ब्लँकेटं अन् बूट दिले-घेतले. विमानात एकदाच चढलो, पेट्या उतरवायला.’

म्हणजे सभेच्या आधीच तुला कळलं होतं. खुर्चीवर बसून ‘अंतर लिंबाजींनी सांगितलं’ म्हणालास तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. मी तुला फक्त एक विचारलं, मग का बोलला नाहीस.

‘काय बोलू? ह्या लोकांच्या हातात विमान दिलं, बघा काय केलं, असंच म्हणले असते ना? वस्तीतली सात पोरं माझ्याकडं बघून नोकरीचे फॉर्म भरून बसलीत. मी पडलो की ती पडली. मग हाटेलातली खुर्चीबी गेली.’

‘अन् मी कुठल्या वस्तीतला रे?’

तू पेचकस उचलून पुन्हा रेडिओत घातलास. उत्तर सहा वर्षांत आलं नाही, आणि आता तर यायचा सवालच नाही. वैनींनी आतून चहा आणला. मी तो न पिता निघालो. जाताना विचारलं, ‘पोरं लागली की सांगशील?’ तू म्हणालास, ‘सांगीन. बाबासाहेबांची शपथ.’ शपथ मी मागितली नव्हती, भगवान. तू आपणहून घेतलीस.

लोक म्हणतील, मग तूच का नाही सांगितलंस? तोंड होतं ना तुला? होतं. पण तुझं म्हणणं मला पटलं होतं, त्याचाच तर जास्त राग येतो. त्या सात पोरांत माझ्या चुलत्याचाही एक होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तुला खोटं पाडलं असतं तर वस्तीच्या वाट्याला काय आलं असतं ते मला काही कुणी शिकवायला नको. तू मला नुसता फसवला असतास तर मी तुझी गचांडी धरली असती. तू मला तुझ्या खोट्याचा राखणदार केलास. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पोरं लागली. दोघं फौजेत, एक एस.टी.त, एक बँकेत, बाकीचीही कुठं कुठं चिकटली. दोन वर्षांत सगळी मार्गी लागली. दर सभेला मी मागच्या रांगेत बसायचो आणि तुझ्याकडं बघायचो. ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून चेअरमनसाहेब विचारायचे, कुणाला काही बोलायचंय का. तू चष्मा काढायचास, पुसायचास, पुन्हा घालायचास. चार सभा अशा गेल्या. पुसून पुसून काच झिजली असेल.

आणि याच नऊ वर्षांतली पहिली चार वर्षं तू माझ्या लेकीला, सुमनला, रोज संध्याकाळी इंग्रजी शिकवलंस. मी म्हटलं नव्हतं. तीच पाटी घेऊन तुझ्याकडं यायला लागली, आणि तू तिला हाकललं नाहीस. नर्सिंगचा फॉर्म तू भरलास, मुलाखतीला सोलापूरला तू घेऊन गेलास, मला सडकेवरून सुट्टी नव्हती म्हणून. आज ती सिस्टर आहे. तुझ्या शेवटच्या दिवसांत तिनंच तुझी नस धरली. हे मी विसरलेलो नाही. पण हे तू मैत्रीनं केलंस की भरपाई म्हणून, हे मला कधी कळलं नाही, आणि त्यामुळं धड उपकार मानता आले नाहीत आणि धड शिव्याही देता आल्या नाहीत. निर्भेळ रागसुद्धा करू दिला नाहीस, इतका तू कंजूस.

दवाखान्यात आलो तेव्हा तुला धाप लागत होती. सुमन बाहेर गेली, आपण दोघंच राहिलो. मी ठरवून आलो होतो की विषय काढायचा नाही. तूच काढलास.

‘लिंबा, मी मांडून बघितलं. आपल्या विसाचे त्यांचे साडेसतराला जरासे कमी. मी साडेसतरा म्हणायला पाहिजे होतं.’

‘व्हय,’ मी म्हणालो.

मी वाट बघत होतो. पुढचं एक वाक्य यायचं होतं. तू डोळे मिटून घेतलेस, मग उघडलेस आणि म्हणालास, ‘पाणी दे.’ मी दिलं. मान धरून, दोन घोट. तुझं डोकं केवढं हलकं झालं होतं रे. मी ते उशीवर ठेवलं आणि बसून राहिलो. जवळजवळ तासभर बसलो. साडेसतरा. माफी पण तू आकड्यात मागितलीस, आणि ती पण माझ्यापुढं, जिथं तिचा काही उपयोग नव्हता.

आज सकाळी कमल वैनी आल्या. मी ओट्यावर बसून फावड्याला दांडा बसवत होतो. शेवंतानं त्यांना पाट दिला. वैनी बसल्या नाहीत.

‘लिंबा भावजी, काल तुमी का न्हाय बोललात ते मला कळलं.’

‘वैनी, जाऊ द्या.’

‘मला पहिल्यापासनं ठाऊक हाय. पहिली सभा झाली त्या दिवशी ते जेवले न्हाईत. मी विचारलं तवा समदं सांगितलं.’

‘म्हणजे नऊ वर्षं तुमीबी?’

‘नऊ वर्षं मीबी,’ वैनी म्हणाल्या. त्या शेवंताकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही. ‘हापशावर मी बाजूलाच उभी असायची गं. ऐकायची अन् घागर घेऊन निघायची.’

शेवंतानं पाट उचलून भिंतीला लावला. मी तिला सगळं सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आणि तिनंही दातांवर दात धरून ते पोटात ठेवलं होतं. दोन बाया एकाच हापशाला, दोघींना सगळं ठाऊक, आणि दोघी गप्प. हा तुझा पराक्रम.

‘उद्या सभा हाय,’ वैनी म्हणाल्या. ‘ह्यांचा शोकप्रस्ताव हाय, घरच्यांना बोलावलंय. तुमी म्हणाल तर मी उभी राहून सांगते. मैलाचं सांगते, स्टोरचं बी सांगते. पोरं लागली समदी. आता कुणासाठी गप्प बसायचं? फक्त तुमी म्हणाल तर.’

बघ भगवान, आता इथं चांगल्या माणसानं काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक आहे. राहू द्या वैनी, माणूस गेलं, कशाला आता, असं म्हणायचं असतं. बाईच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नाही, तिला भर सभेत नवऱ्याची टोपी उतरवायला लावायची? वैनी अजून उभ्याच होत्या. त्या माझ्या तोंडून ‘राहू द्या’ ऐकायलाच आल्या होत्या की काय, असंही क्षणभर वाटलं.

‘सांगा,’ मी म्हणालो. ‘अन् इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.’

‘बरं,’ वैनी म्हणाल्या, आणि पदर सावरून गेल्या.

तुला राग आला असेल तर येऊ दे. उद्या अकरा वाजता सभा आहे. तुझ्या शोकप्रस्तावाला अनुमोदन देणारा म्हणून सेक्रेटरीनं माझं नाव घातलंय, आणि मी ते देणार आहे. तुझ्यासाठी दोन मिनिटं उभा राहीन, सगळ्यांबरोबर, आणि ती दोन मिनिटं खरी असतील, एवढं तुला सांगतो. तुझ्यासारखा दुसरा मित्र मला मिळाला नाही, आणि तसा आता नकोही. मग आम्ही खाली बसू आणि तुझी बायको उठेल.

शेवंतानं आत्ताच पिशवी भरली. आईसाठी मऊ भाकरी करून घेणार आहे, म्हाताऱ्या बाईला दात राहिले नाहीत. हिप्परवाडीच्या आहेराचं ते लुगडं तिनं नऊ वर्षांत एकदाही नेसलं नव्हतं, ते काढून ठेवलंय. सभा संपली की तिथूनच निघणार, लोक अजून मंडपात असतील तेव्हा. मी म्हटलं, दीडची एस.टी. आहे, तिच्यात बसवून देतो.

‘एस.टी. कशाला?’ ती म्हणाली. ‘सडकेनं चालत जाईन. तीन मैल तर हाय.’